बारा वाजताची नोंद

१७ जानेवारी २०२५, शुक्रवार
अल खोर

नयना,

मी ठीक आहे. हे आधी लिहितो, कारण यार्डातल्या अपघाताची बातमी तुझ्यापर्यंत कोणत्या रूपात पोचली असेल कोण जाणे. इथल्या आखाती मराठी ग्रुपवर कालपासून दोन माणसं मेली असं फिरतंय. कुणी मेलेलं नाही. एक माणूस हॉस्पिटलमध्ये आहे, पण शुद्धीवर नाही.

एप्रिलमध्ये अनुष्काला घेऊन नाशिकला जाताना तू म्हणालीस, "फोन करू नकोस. फोनवर तू गप्प बसतोस आणि मला तुझा श्वास ऐकत बसावं लागतं. सांगण्यासारखं काही असेल तर लिही." नऊ महिन्यांत मी तुला फक्त अनुष्काच्या शाळेच्या दाखल्याबद्दल लिहिलं. म्हणजे सांगण्यासारखं काही नव्हतं असं नाही.

मंगळवारी, संक्रांतीच्या दिवशी, दुपारी पावणेबाराला हे झालं. आमच्या यार्डात जुन्या टाक्या सफाईला येतात. माणूस आत उतरून तळाचा गाळ खरवडतो. गाळ ढवळला की त्यातून वायू सुटतो, म्हणून दर दोन तासांनी आतली हवा मीटरनं तपासायची आणि आकडा टाकीच्या तोंडाशी लटकवलेल्या कागदावर लिहायचा. तो कागद म्हणजे परमिट. आकडा गॅस टेस्टर लिहितो. खाली सही परमिट ऑफिसची, म्हणजे माझी.

आत टेकबहादुर होता. पोखऱ्याजवळचा नेपाळी, चाळिशीचा, हेल्मेटखाली लाल फडकं बांधणारा. बाहेर दोरी धरून उभ्या असलेल्या माणसानं हाक मारली, उत्तर आलं नाही. वर ओढून काढलं तेव्हा त्याचे ओठ निळे होते. हे मी ऑफिसच्या दारातून पाहिलं. जवळ गेलो नाही.

कागदावर बारा वाजताची नोंद होती. घड्याळात पावणेबारा वाजले होते.

गॅस टेस्टर रहमान. आपला दापोलीकडचा रहमान, ज्यानं तुला कोळंबीचे सोडे आणून दिले होते आणि म्हणाला होता, "वहिनी, खिडक्या उघडून शिजवा, नायतर बिल्डिंगवाले पोलीस बोलावतील." त्याचं गेट-कार्ड काढून घेतलंय. तो खोलीवर बसून आहे. चूक त्याची आहे असं सगळे म्हणतात. मीही तेच म्हणालो.

मी काही पाहिलं नव्हतं.

आज सकाळी बेल वाजली. पाण्याचे कॅन देणारा होता, बाहेरून ओरडतही होता तसं. मी दार उघडलं नाही. तो कॅन ठेवून गेल्यावर पाच मिनिटांनी, जिन्यात कुणी नाही असं पाहून आत घेतले.

श्रेयस


१९ जानेवारी, रविवार

नयना,

परवाच्या पत्रात एक वाक्य खोटं आहे. कोणतं ते तुला कळलं असेल. ते एकटंच एका ओळीत होतं.

मी पाहिलं होतं. अपघाताच्या आदल्या दिवशी, सोमवारी, साडेदहा वाजता. त्याच टाकीच्या कागदावर सही करायला गेलो तर दहाची नोंद होती आणि तिच्याखाली बाराचीही होती. ऑक्सिजन २०.९. म्हणजे मोकळ्या हवेत असतो तेवढा. दोन्ही ओळी एकाच पेनानं, एकाच दमात लिहिलेल्या. बारा वाजायला दीड तास होता.

रहमान तिथेच उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. आणि सही केली.

ऑफिसात येऊन वहीत लिहिलं: "१३ जाने., १०.४०. रहमानच्या कागदावर बाराची नोंद आत्ताच भरलेली. प्रचंड राग. नियम: तीन दिवस."

तो नियम तुला मी समजावण्याची गरज नाही. तू तो भोगला आहेस. पण आज मला तो दुसऱ्या कुणाला सांगावा लागेल असं लिहून पाहायचं आहे, कारण तशी वेळ येऊ शकते. माधवअण्णा म्हणतात, दुसऱ्याचा दोष दिसला की जीभ आवरायची. तीन दिवस तोच दोष स्वतःत शोधायचा, रोज वहीत लिहायचा. चौथ्या दिवशी बोलायचं, तेव्हा बोलण्यात विष नसतं. माणूस बदलतो तो असा, प्रवचनं ऐकून नाही. निवृत्त ड्रॉइंग मास्तरांनी नाशिकच्या दोन खोल्यांत बसून सांगितलेली ही गोष्ट मी सहा वर्षं पाळली. मी ऑफिसात ओरडणं सोडलं ते यामुळे, हे खरं आहे. अनुष्कावर हात उचलणं सोडलं, हेही खरं.

आणि तू भांडलीस की मी तीन दिवस गप्प. चौथ्या दिवशी चहा करून तुझ्यासमोर ठेवायचो आणि म्हणायचो, "तुझ्या रागात मला माझाच राग दिसला." शेवटच्या वेळी तू म्हणालीस, "मला नवरा हवा होता रे. निष्कर्ष नको होता." ते वाक्यही मी वहीत लिहिलं होतं, तारखेसकट.

सोमवारचा तो पहिला दिवस होता. मंगळवारी संक्रांत. मी तिळाचे लाडू डब्यात घालून यार्डात नेले. रहमानला दिला. त्यानं दोन घेतले. सणाच्या दिवशी कडू बोलू नये, आणि दुसराच दिवस चालू होता. दोन्ही कारणं एकमेकांना किती छान धरून होती.

चार तासांनी टेकबहादुरला वर काढलं.

आज चौकशी समितीसमोर माझा पहिला जबाब झाला. तीन माणसं, लांब टेबल, आमचे सेफ्टी मॅनेजर अरुणकुमार सर मधोमध. त्यांनी विचारलं, "आपने कुछ अनयूजुअल नोटिस किया था? उस दिन, या उससे पहले?" मी म्हणालो, "नो सर." सही केली. माझी सही नेहमीसारखीच आली, याची मला भीती वाटली.


२२ जानेवारी, बुधवार

नयना,

काल समीनाचा फोन आला. रहमानची बायको, दापोलीहून. माझा नंबर तिला त्यानं दिला नव्हता. तिनं त्याच्या जुन्या फोनमधून काढला.

"भाऊजी, तुमी मोठे साहेब. ह्यांना तुरुंगात घालतील काय?"

मी म्हणालो, चौकशी चालू आहे.

"ते म्हणतात तो माणूस मेला तर केस मोठी होईल. भाऊजी, तो माणूस कसा हाय?"

मी म्हणालो, डॉक्टर प्रयत्न करताहेत.

"ह्यांनी एकट्यानी केलं काय सगळं? एवढ्या मोठ्या कंपनीत दुसरं कुणी बघत नाय काय?"

मी म्हणालो, वहिनी, रेंज जातेय. रेंज जात नव्हती.

त्यानंतर मी वही तांदळाच्या डब्यात पुरली. मग वाटलं, कुणी झडती घ्यायला आलं तर पहिल्यांदा तांदळातच बघेल. बाहेर काढली, तुझ्या उरलेल्या साड्यांच्या बॅगेत घातली. मग वाटलं, तुझ्या वस्तूंत कशाला. पुन्हा तांदळात. कुणीही झडती घ्यायला येणार नाहीये, हे मला माहीत आहे. वही आहे हेच कुणाला ठाऊक नाही. तरी आज कंपनीच्या बसमध्ये मागे एक पांढरी लँडक्रूझर रास लफानच्या फाट्यापर्यंत येत राहिली आणि मी तिचा नंबर फोनमध्ये लिहून घेतला. या रस्त्यावर दर तिसरी गाडी पांढरी लँडक्रूझर असते.

तुला काय काय होऊ शकतं ते सांगतो, कारण मी दिवसभर त्याचीच उजळणी करतो. मी खरं सांगितलं तर माझा पहिला जबाब खोटा ठरतो. कंपनी माझ्यावरही तक्रार करेल. केस उभी राहिली तर देश सोडता येणार नाही, किती महिने ते सांगता येत नाही. नोकरी गेली की व्हिसा जातो, आणि केस असेपर्यंत जाताही येत नाही. म्हणजे इथेच, बिनकामाचा, बिनपरवान्याचा. अनुष्काची दहावी आहे. तिला शाळेत कुणी विचारलं, तुझे बाबा काय करतात?

मी नाही सांगितलं तर यातलं काहीच होत नाही. हे सगळं रहमानला होतं.


२४ जानेवारी, शुक्रवार

नयना,

आज अण्णांचं मंडळ कौशिकच्या घरी होतं. नेहमीचे सात जण, पोहे, मग अण्णांचं ध्वनिमुद्रण, मग प्रत्येकानं आपल्या वहीतलं एक पान वाचायचं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, आज मी वाचणार नाही, विचारणार आहे. आणि नाव न घेता सगळं सांगितलं. माझ्याच कंपनीतल्या एका ओळखीच्याची गोष्ट म्हणून. कुणीही फसलं नाही.

विजयनं पोह्यांची ताटली खाली ठेवली.

भैरवीताई म्हणाल्या, "त्या ओळखीच्यानं नियम पाळला ना? मग पुढं जे झालं ते त्याच्या हातात नव्हतं. नियम पाळणं एवढंच आपलं."

विजय म्हणाला, "ताई, ते सगळं बरोबर आहे, पण वही फाडून टाक म्हणावं त्याला. आजच. खलास."

"वही फाडायची?" भैरवीताई जवळजवळ किंचाळल्या. "साधनेची वही?"

"मग साधना घेऊन जेलमध्ये बसेल काय तो?"

कौशिक माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्याला वकील दे. आणि ग्रुपचं नाव कुठं येऊ देऊ नकोस, प्लीज. परवानगी नसताना जमतो आपण. उगाच धार्मिक सभा वगैरे म्हणतील."

मला त्याचा राग आला नाही. तोही घाबरला होता. आम्ही सगळेच घाबरलो होतो, आणि सहा वर्षं आम्ही दर शुक्रवारी भीतीबद्दल बोलत आलोय.

निघताना भैरवीताईंनी मला डबा दिला आणि हळूच म्हणाल्या, "श्रेयस, तो माणूस शुद्धीवर आला का रे?" सात माणसांत तो प्रश्न एकट्या त्यांनी विचारला. तोही दारात, चपला घालताना.

मी म्हणालो, कालपासून डोळे उघडतो. पण कुणाला ओळखत नाही.


२५ जानेवारी, शनिवार

नयना,

आज दोन गोष्टी झाल्या. दोन्ही जशा झाल्या तशा लिहितो.

सकाळी मी अण्णांना फोन केला. सहा वर्षांत पहिल्यांदाच, थेट. त्यांच्या मुलीनं फोन उचलला, मग ते आले. आवाज ध्वनिमुद्रणातल्यापेक्षा बारीक आहे.

मी सगळं सांगितलं. या वेळी ओळखीच्याची गोष्ट म्हणून नाही.

ते म्हणाले, "तू कागद पाहिलास तेव्हा किती वाजले होते?"

"साडेदहा."

"आणि माणूस टाकीत कधी उतरणार होता?"

"आतच होता, अण्णा."

त्यांनी मुलीला दार लावून घ्यायला सांगितलं.

"मग तीन दिवस कशाचे?"

"तुम्ही म्हणाला होतात—"

"म्हणालो होतो. सुनेनं भांडी आपटली, साहेबानं टोमणा मारला, शेजाऱ्यानं गाडी आडवी लावली, त्याबद्दल म्हणालो होतो. माझ्यासमोर बसणाऱ्या कुणाच्या हातात माणसाचा जीव नसायचा. मी पोरांना पेन्सिल धरायला शिकवणारा माणूस. टाकीचं मला कुठं ठाऊक?" मग म्हणाले, "पण जपून बोलायला हवं होतं मी. ते माझं. आता तुझं सांग. तो नियम लिहिलास तेव्हा तुला कसं वाटलं?"

"राग आला होता."

"तो कागद पाहताना. नियम लिहिताना कसं वाटलं?"

"आठवत नाही."

"वहीत बघ आणि मग सांग," ते म्हणाले. "मला नाही सांगितलंस तरी चालेल."

मी विचारलं, "मी आता काय करू?"

"ते मी सांगणार नाही. सांगितलं तर तू ते करशील आणि पुन्हा त्याला माझं नाव लावशील."

वही तांदळातून काढली. सोमवारचं पान. "नियम: तीन दिवस" या ओळीखाली आणखी एक ओळ आहे, जी मी तुला रविवारच्या पत्रात लिहिली नाही. "हायसं वाटलं."

हायसं वाटलं, नयना. मी काम थांबवलं असतं तर अरुणकुमार सरांकडे जावं लागलं असतं. त्यांनी त्याच आठवड्यात सांगितलं होतं, टाकी गुरुवारपर्यंत हवी, कोणताही स्टॉपेज नको. आणि रहमाननं विचारलं असतं, "साहेब, मागचे तीन महिने न बघता सह्या केल्यात त्याचं काय?" कारण मी केल्या होत्या. सगळ्या नाही, पण केल्या होत्या. मला रहमानचा राग आला नव्हता. मला पकडलं जाण्याची भीती वाटली होती. अण्णांच्या नियमानं मला ती भीती तीन दिवस कुठं तरी ठेवायला जागा दिली.

मग दुपारी रहमानकडे गेलो. इंडस्ट्रियल एरियातली कामगारांची इमारत, दुसरा मजला, एका खोलीत सहा बंक. बाकीचे कामावर होते. तो खालच्या बंकवर बसून कांदे चिरत होता. मला बघून उठला, हात पुसले, मग पुन्हा बसला.

"या साहेब. सोडे संपले. आता चहाच मिळेल."

मी म्हणालो, रहमान, सोमवारी मी तो कागद पाहिला होता.

"म्हाईत हाय. मी तुमच्याकडेच बघत होतो."

"तू जबाबात सांगितलं नाहीस."

"काय सांगू? तुमी बोलला नाय, मी कशाला बोलू." सुरी खाली ठेवली. "तुमाला खरं सांगू? तुमी कागद हातात घेतलात तेव्हा मी टरकलो. म्हटलं, आता हे ओरडणार. काम बंद करणार. बरं झालं म्हटलं, होऊ दे बंद. मीटर एकच, टाक्या तीन, त्याची बॅटरी दर तासाला मरते. मी अरुणकुमार सरांना दोनदा सांगितलेलं. ते म्हणाले, मॅनेज करो. मला कुणी तरी ओरडायला हवं होतं साहेब."

मी कांद्याची सालं गोळा केली.

"तुमी ओरडला नाय. दुसऱ्या दिवशी लाडू दिलात. मी म्हटलं, साहेबाला चालतंय." त्यानं कांद्यानं लाल झालेल्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मंगळवारी तर मी मीटर खोलीतून आणलापण नाय. अख्ख्या दिवसाचे आकडे सकाळीच भरले. सोमवारी निदान दहाचा खरा होता."

म्हणजे सोमवारी दहाची हवा तपासली होती. मंगळवारी एकदाही नाही. आणि त्या दोन दिवसांच्या मध्ये जे होतं ते मी होतो. माझं गप्प बसणं त्याला परवानगीसारखं ऐकू आलं, आणि ऐकण्यात त्याची चूक नव्हती. परमिट देणं हेच माझं काम आहे.

चहा प्यायलो. त्यानं साखर जास्त घातली होती. निघताना म्हणाला, "समीनानं फोन केला ना तुमाला? तिला बोललो तर उलट माझ्यावरच ओरडली. म्हणाली, तुमाला मर्द लोकांना फोन करायला लाज वाटते, मग मी नाय केला तर कोण करील?"

मी नेहमीसारखं म्हणणार होतो, बघू. म्हणालो नाही. पण दुसरंही काही म्हणालो नाही.


२७ जानेवारी, सोमवार

नयना,

आज मी वही घेऊन गेलो.

खोट्या धैर्यानं लिहायचं नाही असं ठरवलंय, म्हणून सांगतो: सकाळी बसमध्ये बसल्यावर मी पुढच्या स्टॉपवर उतरून परत घरी आलो. पुन्हा कपडे बदलले. टॅक्सीनं गेलो. अल खोरच्या सिग्नलला धुकं इतकं होतं की ड्रायव्हर म्हणाला, सर, वापस चलें? मी जवळजवळ हो म्हणालो होतो.

अरुणकुमार सर एकटेच केबिनमध्ये होते. मी टेबलावर वही ठेवली. म्हणालो, सर, माझा जबाब चुकीचा आहे. मला बदलायचा आहे. यात सोमवारची नोंद आहे.

त्यांनी वही उघडली, दोन पानं उलटली, बंद केली.

"यह तो मराठी में है."

"हाँ सर."

"कौन पढ़ेगा, श्रेयस?" ते खूप मृदू बोलत होते. "तुम्हारी प्रायव्हेट डायरी है. भगवान की बातें हैं. घर ले जाओ. रहमान ने कबूल किया है. मामला क्लोज हो रहा है. यल्ला, घर जाओ, आराम करो."

ते माझ्या बाजूनं बोलत होते असं मला त्या क्षणी खरंच वाटलं. मग दिसलं की त्यांचा हात वहीवर होता आणि तो हात उचलत नव्हता. मीटर आणि बॅटरीचं त्यांनाही माहीत होतं. ते माझ्याइतकेच घाबरले होते. फक्त त्यांच्याकडे केबिन होती.

मी म्हणालो, "सर, मैं पढ़ूँगा."

अर्ध्या तासात समितीचे बाकीचे दोघे आले. त्यातल्या बाई, माहिरा, कंपनीच्या दोहा ऑफिसमधल्या, त्यांनी नोट्स घ्यायला लॅपटॉप उघडला. मी वाचायला लागलो. तारीख, वेळ, कागदावर काय दिसलं, मग तीन दिवसांचा नियम म्हणजे काय, तो कुणी दिला. अण्णांचं नाव घेताना मी थांबलो आणि म्हणालो, त्यांनी असं सांगितलेलं नाही, मी असा अर्थ लावला. ते लिहून घेतलं. मंडळाचं नाव कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. हे मी लपवलं, पण कौशिकसाठी.

मग "हायसं वाटलं" आलं.

माहिरा म्हणाल्या, "और यह लाइन?"

"इसमें लिखा है..." मी म्हणालो. हिंदीत काय म्हणू कळेना. राहत? सुकून? प्रत्येक शब्द जास्त बरा वाटत होता. "इसमें लिखा है कि मुझे अच्छा लगा. कि अब मुझे कुछ करना नहीं पड़ेगा."

त्यांचे हात लॅपटॉपवर थांबले. त्या खोलीत त्यानंतर कुणी माझ्याशी मृदू बोललं नाही. मला ते जास्त सोसवलं.

मीटरचं आणि बॅटरीचं मी रहमानकडून ऐकलेलं तेही सांगितलं. अरुणकुमार सर म्हणाले, "हिअरसे. सुनी-सुनाई बात." माहिरांनी तरी ते लिहिलं.

वही त्यांनी ठेवून घेतली. माझं गेट-कार्ड पण. गेटवरच्या सिक्युरिटीनं मला बाहेर सोडताना सवयीनं आभार मानले, "शुक्रन सर."


३० जानेवारी, गुरुवार

नयना,

आज पोलीस स्टेशनला बोलावलं होतं. सकाळी आठला. मी साडेसातला पोचलो.

टेकबहादुर काल बोलला. आपल्या बायकोचं नाव घेतलं, मग पाणी मागितलं. डाव्या हातानं चमचा धरता येत नाही, डॉक्टर म्हणतात येईल, कदाचित. हे मला आज संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये गेलो तेव्हा त्याच्या गाववाल्यानं सांगितलं. तो मला अजून कंपनीकडून भेटायला आलेला साहेब समजत होता. मी त्याला सांगितलं की मी कोण आहे. तो म्हणाला, आप कल मत आना. मी उद्या जाणार नाही.

अनुष्काला तू सांग. सगळं, पहिल्या खोट्या जबाबासकट. मी सांगायला गेलो तर मी त्यातून काही तरी शिकवण काढीन.

मला काय होईल माहीत नाही. कंपनीनं दिलेल्या वकिलानं आपण कंपनीचा वकील आहोत हे दुसऱ्याच वाक्यात सांगितलं. प्रवासबंदी बहुधा लागेल. मला वाटलं होतं, खरं सांगितल्यावर भीती कमी होईल. मंडळात आम्ही तसंच म्हणायचो. नाही झाली. रात्री झोप येत नाही, लिफ्टचा दरवाजा उघडला की दचकतो. भीती तेवढीच आहे. फक्त आता ती कशाची आहे ते मला सांगता येतं.

स्टेशनच्या व्हरांड्यात एकच बाक होता. रहमान आधीच येऊन बसला होता. इस्त्रीचा शर्ट, हातात कागदांची प्लास्टिकची पिशवी. मला वाटलं तो तोंड फिरवेल. मी भिंतीशी उभा राहिलो. आत कुणी तरी अरबीत मोठ्यानं नाव पुकारलं, आमच्यापैकी कुणाचं नव्हतं, तरी आम्ही दोघेही ताठ झालो.

रहमान म्हणाला, "साहेब, घाबरलात?"

"हो रे. फार."

"मीपण." त्यानं पिशवी मांडीवर घेतली आणि बाकावर सरकला. "बसा. आपलं नाव यायला वेळ लागेल असं वाटतंय."

मी बसलो.

श्रेयस